अण्णांची गाडी अडखळते

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं मशीन परत घेऊन जा. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण आधी खुशाली लिहायला बसलो तर माझा राग निवेल, आणि तो निवायला नको आहे.

अण्णांचं लायसन डोळ्यांपायी गेलं आणि ते घरात खिळल्यासारखे बसून राहायला लागले, तेव्हा तू तुमच्या बोटींच्या वर्कशॉपमध्ये पडलेली ती बसून चालवायची गवत कापायची गाडी दुरुस्त करून आणून दिलीस. उत्तम केलंस. उभा जन्म बस चालवलेल्या माणसाला पुन्हा स्टिअरिंग मिळालं आणि ड्रायव्हरांच्या वसाहतीमागचं मैदान दृष्ट लागण्यासारखं झालं. पण आता ती गाडी धड चालत नाही. सुरू होते, चार पावलं गुरगुरत जाते, मग आवाज एकदम पडतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. मला तो इकडे बेकरीत भट्टीपाशी ऐकू येतो. मग अण्णा उतरतात, बॉनेटवर एक थापड मारतात आणि तडक दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर मला विचारतात की तू तिला काय केलंस. मी तिला काय करणार? मी पाव भाजतो.

ती विकावी आणि गवताला माणूस लावावा असं फार मनात येतं. पण हे अण्णांना सांगायची माझी छाती होत नाही. चालवण्यासारखं त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं आहे.

लोभ आहेच. सोबत थोडी अक्कल पाठवलीस तर तीही घेईन.

तुझा,
भोपळ्या

९ मे

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

माझ्या मशीनला नावं ठेवायची नाहीत. ते इंजिन मी या हातांनी उघडलं आणि लावलं आहे. तुझ्या पावाला मी कधी काही बोलले का? बोलले असेन, पण लेखी नाही.

थंडीभर टाकीत तेच पेट्रोल पडून असणार. शिळ्या पेट्रोलने इंजिन असंच वर-खाली होतं. सगळं काढून टाक, ताजं भर. प्लग काढून घासून लाव. एअर फिल्टर झटक, आणि कृपा करून हात धुऊन झटक. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा त्यातून अर्धी वाटी मैदा निघाला होता. एवढं करून बघ आणि मला सविस्तर लिही: गार असताना अडखळते की तापल्यावर, सपाटीवर की चढावर. नुसतं बिघडली म्हणून ओरडू नकोस. मी इथून तिची नाडी बघू शकत नाही.

अण्णांना नमस्कार सांग. विकायचा विषय काढलास तर माझ्याशी गाठ आहे.

तुझ्यावर माया आहे, तिचा गैरफायदा घेऊ नये.

तुझी,
ताई

१५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेट्रोल बदललं. प्लग घासला. फिल्टर झटकला, हात धुऊन. मग मी स्वतः सीटवर बसून मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. लोण्यासारखी चालली. चढावर गेलो, उतारावर गेलो, मुद्दाम नाल्याजवळच्या उंचवट्यावरून नेली. आवाज हलला नाही. मोठ्या ऐटीत उतरलो आणि अण्णांच्या हातात दिली.

अण्णा बसले आणि फाटकापाशीच तिला उचकी लागली.

आता तूच सांग, मी काय समजायचं? अण्णाच काहीतरी करतात. ॲक्सिलरेटरच्या दांड्यावरचा हात हलत असेल, वय झालं आहे. हे मी तोंडाने बोललो, ही माझी चूक. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणाले, साठ माणसं पाठीमागे झोपवून मी घाट उतरवले आहेत, मला दांडा धरायला शिकवतोस? तेव्हापासून आमचा अबोला आहे. मी दुपारी डबा आणि पाव ओट्यावर ठेवतो. ते डेपोचा तो जाडजूड कोट घालून उन्हात बसलेले असतात आणि माझ्याकडे पाठ करतात. मे महिन्यात कोट! काही बोललं की राग, म्हणून तेही बोललो नाही.

माझं डोकं पिकलं आहे. माया चालू ठेव, निदान तीतरी न अडखळता चालू दे.

तुझा,
भोपळ्या

२० मे

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

अण्णांचा हात हलत नाही. तुझ्या जिभेला मात्र ब्रेक नाही. आधी जाऊन माफी माग.

मग कार्ब्युरेटर उघड. घाबरू नकोस, तुझ्या ओव्हनपेक्षा सोपा आहे. आत पितळेचा बारीक जेट असतो, त्याच्या भोकात कचरा अडकला की पेट्रोल कमी-जास्त येतं. बारीक तारेने साफ कर, फुंकर मार, जसा होता तसा लाव. टाकीच्या झाकणालाही हवेसाठी एक छिद्र असतं, ते बुजलेलं नाही ना बघ. आणि प्लगची वायर कुठे खरचटली आहे का तेही बघ.

तुझ्याखाली नीट चालते याचं मला काही नवल वाटत नाही. एवढा ऐवज डोक्यावर बसल्यावर बिचारीची आवाज करायची हिंमत होत नसेल. लोणी कमी खा.

राग गिळून पत्र लिहीत जा, म्हणजे मलाही प्रेमाने उत्तर देता येईल.

तुझी,
ताई

२८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्ब्युरेटर उघडला. एक स्प्रिंग उडून कोंड्याच्या पोत्यात गेली, ती शोधायला अख्खं पोतं चाळलं. जेट साफ, झाकणाचं छिद्र साफ, वायर धड. माझ्याखाली मशीन गात होतं. अण्णांची माफी मागितली, त्यांना बसवलं, आणि पुन्हा तेच. या वेळी तर पूर्ण बंद पडलं.

मी हात टेकले. एक माळी उद्या रविवारी गाडी बघायला येतो आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. तू रागावशील हे धरूनच लिहितो आहे.

रागाच्या मागे लोभ असतो म्हणतात, तेवढ्यावर भिस्त आहे.

भोपळ्या

२९ मे

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ माझी गाडी विकणार आहे. मला सांगितलं नाही, पण माळी येऊन चाकं चाचपून गेला, तेवढं मला दिसतं. डोळे अधू झाले आहेत, फुटलेले नाहीत.

मला म्हातारचळ लागला आहे असं त्याचं ठाम मत आहे. मी दांडा हलवत नाही. मी बसलो की ती अडखळते आणि तो बसला की सुतासारखी सरळ, यात माझा काय दोष? मला वाटतं तिला तो आवडतो.

त्याला सांगू नकोस, पण त्याच्या पावातही काहीतरी खोट आली आहे. पूर्वीसारखा भाजत नाही. छातीशी येऊन अडकतो, पाणी प्यावं तर पाणीही परत येतं. तो मनाला लावून घेईल म्हणून मी पाव पक्ष्यांना घालतो आणि दुधावर भागवतो. पक्षी मात्र गुबगुबीत झाले आहेत.

येताना मला विजारीला लावायचे खांद्यावरचे गॅलिस आण. हल्ली पट्ट्यांचं चामडं हलकं येतं, सैल पडतं. भोकं पाडून पाडून आता पाडायला जागा राहिली नाही, तरी विजार घसरते. गवत कापताना एक हात विजारीला लागतो आणि ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत.

त्याला समजाव. गाडी गेली तर मी सकाळी उठून करू काय?

तुझ्यावर विश्वास आहे, तो राखावा.

अण्णा

२ जून

चि. भोपळ्यास,
आशीर्वाद.

गाडी विकू नकोस. गाडीला काही झालेलं नाही.

सोबत अण्णांचं पत्र आहे. त्यांनी तुला सांगू नकोस म्हटलं आहे, तरी पाठवते आहे. खाली बसून वाच. मग ऐक.

त्या गाडीच्या सीटखाली एक स्विच आहे. माणूस बसला की सीट स्प्रिंगवर दबते, स्विच दबतो आणि इंजिन चालू राहतं. माणूस पडला तर सीट वर येते आणि इंजिन बंद होतं, म्हणजे कोणी पात्याखाली सापडू नये. तू बसलास की स्विच पक्का दबतो. अण्णा बसले की तो जेमतेम दबतो. जमीन जरा वर-खाली झाली, वळताना ते वाकले, की सुटतो, पुन्हा दबतो, पुन्हा सुटतो. तुला भट्टीपाशी ऐकू येतं ते हे आहे. ही गाडी मी अण्णांना आणून दिली तेव्हा त्यांना बसवून मीच हा स्विच तपासला होता. तेव्हा तो एकदाही सुटला नव्हता. सीट तीच आहे, स्प्रिंग तीच आहे.

भोपळ्या, मी पत्रामागून पत्रात इंजिनाची तब्येत विचारली आणि अण्णांना नुसता नमस्कार सांगितला. तुझ्या वजनावरून विनोदसुद्धा केला आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझी मलाच चीड आली आहे.

बेकरीत पोती मोजायचा काटा आहे. अण्णांना त्यावर उभं कर, कोट काढून. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. ते नको म्हणतील, भांडतील, तू भांड. स्विच चुकवायला त्याच्या वायरी एकमेकींना जोडून टाक म्हणाले तर अजिबात जोडायच्या नाहीत.

लगेच लिही. जीव टांगणीला आहे.

ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अण्णा काट्यावर चढेनात. शेवटी मी म्हटलं की काटा चुकीचा दाखवतो आहे अशी शंका आहे, तुम्हाला तुमचं वजन ठाऊक आहे, तर उभे राहून बघा. म्हणाले, डेपोच्या तपासणीत मी कायम अठ्ठ्याहत्तर भरतो. कोट उतरवला. ताई, त्या कोटाच्या आत आपले अण्णा नव्हतेच. खांदे हँगरसारखे दिसत होते. काटा पन्नासच्या जरासा पुढे जाऊन थांबला.

अण्णा म्हणाले, खरंच बिघडला आहे. मी त्यांना उतरवलं आणि मैद्याचं न फोडलेलं पन्नास किलोचं पोतं ठेवलं. काटा बरोबर पन्नासवर आला. त्यांनी पोत्यावरचा छापील आकडा जवळ जाऊन वाचला. मग त्यांनी कोट घातला आणि दवाखान्यात कधी जायचं ते विचारलं.

अन्ननलिका आवळत आली होती. जुन्या ॲसिडिटीने होतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळी घालून ती रुंद केली. आतला एक कण तपासायला पाठवला होता, तो काल स्वच्छ निघाला. तो निकाल येईपर्यंत मी दोनदा पाव जाळले. उशीर केला असता तर दूधही उतरलं नसतं, असंही त्या म्हणाल्या. आणि मी तिकडे कार्ब्युरेटरमध्ये फुंकर मारत बसलो होतो.

आता अण्णांना पातळ सूप आणि दुधात भिजवलेला पाव देतो. मी समोर बसून खायला लावतो, त्यांना त्याचा भयंकर वैताग येतो. वायरी जोड म्हणून तीनदा मागे लागले, मी बधलो नाही. परवा तर कोटाच्या खिशांत दुकानातली लोखंडी वजनं घालून गाडीवर चढताना पकडलं. तेव्हापासून रोज खिसे तपासतो.

गवत मी कापतो. गाडी माझ्याखाली एकदाही अडखळत नाही. पूर्वी मला त्याचा केवढा अभिमान होता, आता तो सरळ आवाज ऐकवत नाही. माळ्याला नाही म्हणून कळवलं.

ये लवकर. लोभ पत्रातून पुरेनासा झाला आहे.

तुझा,
भोपळ्या

१७ ऑगस्ट

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

गॅलिस पोचले, पण आता ते खांद्यांना काचतात. परत ने आणि तुमच्या वर्कशॉपच्या साहेबांना दे.

पाव खाली उतरतो. तरी भाजण्यात थोडी खोट आहेच, माझं ते मत कायम आहे. तुझ्या भावाने छळ मांडला आहे. डोक्यावर उभा राहून खायला घालतो, आठवड्याला काट्यावर चढवतो आणि आकडा गिऱ्हाइकांना सांगतो. कोणीही येऊन माझं अभिनंदन करतं. काय करायचं अशा मुलाचं?

आज गाडी काढली. कोट घातला नव्हता. खिसे त्याने उलटे करून बघितले, त्यात रुमालाशिवाय काही नव्हतं. फाटकातून निघालो तो मैदानाच्या टोकापर्यंत गेलो आणि वळून परत आलो. नाल्याजवळच्या उंचवट्यावर एकदाच अडखळली, ती तू येईपर्यंत सुधारेल. भोपळ्या भट्टी सोडून मागच्या दारात येऊन उभा होता आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसत होता. मी त्याला हात केला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

ये, म्हणजे तुलाही चालवून दाखवतो. तोवर जीव लावला आहेस तसाच लावून ठेव.

तुझे,
अण्णा