झटका गाडीचाच होता

अगं,

खाली गाडी दिसणार नाही, घाबरू नकोस. टो करून गॅरेजात नेली आहे, मीही तिकडेच निघालोय. आई सुखरूप आहे, आत आडवी झाली आहे.

आईला दवाखान्यातून आणताना चढावर गाडीनं झटका दिला. इंजिन नुसतंच घोंघावत राहिलं आणि गाडी मागे घसरायला लागली. मागे शाळेची बस होती. ब्रेक लागला म्हणून वाचलो. तू म्हणायचीस तसंच झालं, गार असताना ठीक, तापली की गिअर पकडत नाही. आणि मी तुझ्या दादासमोर हसत म्हणालो होतो, "हिला ऑटोमॅटिकसुद्धा झेपत नाही." तेव्हापासून तू किल्लीला हात लावला नाहीस.

गॅरेजवाल्याला बिघाडाची आधीपासूनची सगळी माहिती हवीय. मी धड ऐकलंच नव्हतं, म्हणून तुझा नंबर दिलाय. फोन आला तर तूच सांग.

आईला म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग." तोंडावर बोलायची हिंमत होईना, म्हणून आधी लिहितोय.

दादाला मात्र फोन केला. "बिघाड गाडीत होता, तिच्यात नाही," एवढंच बोलू शकलो. या वेळी तो हसला नाही.