तिसऱ्या कॅसेटवरचा प्रश्न

११ फेब्रुवारी

दोन्ही बाजूंनी मलाच निवडलं! पाद्री म्हणाले, "तुमच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नाही." मौलाना म्हणाले, "तुम्ही आहात फादरांच्या लोकांतले, पण लिहायला बसलात की कोणाचेच नसता." याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं? सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. टंकलेखन, लघुलेखन, दोघांचे धर्मग्रंथ — सगळं आपलं आपण शिकलो. पदवीवाले तीन जण टपून होते या कामावर. बसा आता!

काम असं: वाचनालयाच्या सभागृहात दोघांचा वाद झाला, तीन बैठका. टेपरेकॉर्डर मीच चालवत होतो, माइकपासून हातभर अंतरावर. आता तीन कॅसेट शब्दशः कागदावर उतरवायच्या. दोघं वाचून सह्या करतील, मग छपाई.

माझ्या कागदावर रिकामी जागा नसते. इतर लोक शब्द कळला नाही की टिंबं टाकून मोकळे होतात. मी माणूस ओळखतो, आणि त्याचा शब्द भरतो.

१३ फेब्रुवारी

पहिली कॅसेट संपली. देव एक की एकात तीन.

मौलाना: "मुलगा त्याला लागतो ज्याला म्हातारपण येतं. देवाला कशाला?" (हशा.)

पाद्री: "गरज म्हणून नाही हो, प्रेम म्हणून. जग व्हायच्या आधी तुमचा एकटा देव प्रेम कुणावर करत होता?"

इथे चार सेकंद शांतता. घड्याळ लावून मोजली. मग मौलाना, हळू: "फादर, त्याला आपल्यासारखं एकटं वाटत नाही."

हे वाक्य टाइप करताना वर वहिनीच्या शिवणयंत्राचा आवाज थांबला होता. दादा गेल्यापासून ती वरच्या दोन खोल्यांत, मी खालच्या दोन. भर दुपारीही दोन्ही कड्या लावून बसते.

१५ फेब्रुवारी

पाद्री येऊन गेले. चौदाव्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "हे मी बोललोच नाही!"

मी म्हटलं, तिथे पंखा घरघरत होता, पण तुम्ही हेच म्हणाला असणार.

खो खो हसले. "म्हणायला हवं होतं, इतकं छान आहे! पण काढा. दुसऱ्याच्या तोंडचा घास मला नको."

मला हसू आलं नाही. पान पुन्हा टाइप केलं.

१८ फेब्रुवारी

दुसरी कॅसेट. क्रुसावरचा मृत्यू.

मौलाना म्हणाले, तो मेलाच नाही. देवानं त्याला उचलून घेतलं. बघणाऱ्यांना तो मेल्यासारखा दिसला एवढंच. "आपल्या प्रेषिताला मारेकऱ्यांच्या हाती सोडून देणारा देव मी कसा मानू?"

पाद्री: "आई पायाशी उभी होती. आई चुकेल? आणि तो मेला नसेल तर उठला कुठून? माझा सगळा धर्म त्या एका प्रेतावर उभा आहे, मौलाना."

मौलाना: "आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात, त्याचं रूप दुसऱ्या कुणाला दिलं गेलं. माणूस जे बघायला आलेला असतो तेच बघतो. शपथेवर सांगतो, आणि घरी जातो."

टेप बंद केला.

एकोणीस वर्षांपूर्वी मीही शपथेवर सांगून घरी आलो. दादा पाच दिवस बेपत्ता, मग नदीत एक प्रेत सापडलं. वहिनीला शवागारात येऊ दिलं नाही, तिला सोसवलं नसतं. मी एकटा गेलो. खुणा एकामागून एक सांगितल्या: निळा शर्ट, तपकिरी पट्टा तिसऱ्या भोकाशी झिजलेला, डाव्या अंगठ्याचं नख काळं — दादा लेथवर काम करायचा. पोलिस अधिकारी म्हणाला, "इतकी पक्की ओळख पटवणारा माणूस नाही पाहिला." ते वाक्य मी वर्षानुवर्षं जपून ठेवलं आहे, एखाद्या पदकासारखं.

लेथवरच्या कुठल्या माणसाचं नख काळं नसतं? पाच दिवस पाण्यात राहिल्यावर कुठला शर्ट निळा दिसत नाही?

१९ फेब्रुवारी

आज एक ओळही टाइप झाली नाही.

२१ फेब्रुवारी

तिसरी कॅसेट, दुसरी बाजू, काउंटर २१७.

सुरुवात हलकीफुलकी. ज्याच्या मरणावर एवढा वाद झाला, तो पुन्हा येणार यावर दोघांचं एकमत. मौलाना म्हणतात, "आला की त्यालाच विचारू. पण पहिला प्रश्न माझा!" पाद्री म्हणतात, "विचारा, मी रांगेत तुमच्या मागे." लोक हसतात. हसू ओसरतं. आणि मग एक तिसरा आवाज, अगदी जवळून:

"ज्यानं प्रेत ओळखलं, त्याला कुणी काही विचारलं का?"

पुढे टेप नुसता सरसरतो.

त्या दिवशी प्रेक्षकांना बोलायची परवानगीच नव्हती. प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले होते. सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. ही त्यांत नाही.

बोलण्याआधी नाकानं घेतलेला तो छोटा श्वास. तो श्वास मी ओळखतो. दादा.

बावीस वेळा ऐकलं.

२२ फेब्रुवारी

पाद्रींना ऐकवलं. "कान गेले हो माझे. काहीतरी पुटपुटतंय कुणी." मौलानांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, हेडफोन हळूच टेबलावर ठेवला. "बोलतंय खरं कुणीतरी. पण मी समोर बसलो होतो, कुणाचे ओठ हललेले पाहिले नाहीत." मग म्हणाले, "हे छापू नका. हा प्रश्न आम्हा दोघांना नाही."

मग कोणाला?

२३ फेब्रुवारी

कब्रस्तानात जाऊन आलो. दगडावरची अक्षरं मीच आखून दिली होती, दोन ओळींमधलं अंतर मोजून. खाली कोण झोपलं आहे? माझी चूक असेल तर वहिनीची एकोणीस वर्षं माझ्या शब्दावर गेली. तिला मागणी घालायला एक मास्तर आले होते — भला माणूस! — तेव्हा मीच म्हणालो होतो, दादाची आठवण ताजी आहे. ती काहीच बोलली नव्हती.

तिला ऐकवावं लागणार. तिच्याइतका तो आवाज दुसरं कोण ओळखणार?

२५ फेब्रुवारी

ऐकवलं.

वर जाऊन हाक मारली तर दाराआडून आधी विचारते, "कोण?" मग कड्या काढते. हेडफोन लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काही हललं नाही. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"हा त्यांचा नाही, भाऊजी."

"नीट ऐका. तो श्वास —"

"तो तुम्हा दोघांचा सारखाच आहे. आवाज तुमचा आहे."

मी भांडलो. माझा आवाज मला कळत नाही होय? तर म्हणाली, "स्वतःचा कुणाला कळतो?"

खाली आलो. कोऱ्या कॅसेटवर तेच वाक्य बोललो. दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐकली. श्वासासकट तेच.

म्हणजे भरल्या सभेत, माइकपासून हातभर अंतरावर, मी हे बोललो. आणि मला ते आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

जेवायला वाढताना वहिनीनं विचारलं, साधंच, मीठ हवं का विचारावं तसं. "भाऊजी, चेहरा बघितला होतात का?"

उठलो. हात धुतले. पान तसंच राहिलं.

२७ फेब्रुवारी

नाही बघितला. चादर पायांकडून गळ्यापर्यंतच वर केली. इतक्या खुणा जुळल्यावर चेहऱ्याची गरज वाटली नाही — असं म्हणत आलो. खरं म्हणजे धीर झाला नाही. तेवढी जागा मी भरली.

उद्या वहिनीला सांगायचं. पाया पडायचं. तिनं घालवून दिलं तर जायचं. आणि दादाचा शोध घ्यायचा, पहिल्या दिवसापासून, एकेक धागा धरून. मी हातात घेतलेलं काम अर्धवट सोडलेलं नाही.

२८ फेब्रुवारी

सांगितलं. वहिनी शिवत होती. यंत्र थांबवलं नाही.

"मी बघितला होता, भाऊजी. तुम्ही बाहेर सह्या करत होता तेव्हा. हे नव्हते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शोधून आणलं असतंत त्यांना."