सोळाव्या होलवरचा वाढीव फटका

बाबा, आज गोल्फ क्लबच्या फलकावर माझं नाव लागलं. आत शिरलं की समोर दिसतो तो विजेत्यांचा लाकडी फलक. तो पुसायलाही तुम्हाला कधी आत बोलावलं नव्हतं, कारण तुम्ही मैदानाचे माळी. सोनेरी अक्षरं अजून नीट वाळलीही नाहीत आणि मी चारदा जाऊन पाहून आले. पाचव्यांदाही जाणार आहे. आज मला कोणी अडवून तर दाखवावं!

त्या फलकावरची जुनी माणसं मला तुमच्यामुळेच ठाऊक. वाडीच्या आपल्या खोलीत आपण जेवतोय, बाहेर गोदामाला ट्रक लागतोय आणि तुम्ही त्यांच्या गोष्टी सांगताय. डावखुरे डॉक्टर. जरीपटका वस्तीतल्या कापडवाल्या बाई, ज्यांचा पहिलाच फटका पुरुषांच्या पुढे जाऊन पडायचा. सगळे कप जिंकणारे फौजेतले साहेब. पण तुमची परीक्षा वेगळीच होती. फटक्याने उखडलेलं ढेकूळ जो परत जागेवर बसवून पायाने दाबतो, तो खरा खेळाडू. "साहेबाचा नेम लय भारी," तुम्ही म्हणायचात, "पन गवताची कदर नाही त्याले." त्यामुळे आपल्या घरात बाई पहिल्या, डॉक्टर दुसरे आणि साहेब सपशेल नापास.

आणि मग तो सोमवार. सदस्यांना सुट्टी, म्हणून कर्मचाऱ्यांची स्पर्धा. मी दहा वर्षांची, तुम्ही करवतीने आखूड करून दिलेली काठी हातात घेऊन तुमच्या मागे मागे. स्पर्धेत तुम्हीच आघाडीवर होतात. बाराव्या होलच्या पळसाखाली तुम्ही चेंडूजवळचं वाळकं पान उचललं आणि चेंडू बोटभर हलला. तुम्ही स्वतःच हाक मारून चेंडू हलवल्याचा एक फटका दंड लिहायला लावलात, आणि कमीत कमी फटके घेणाऱ्याचा तो कप नेमका त्याच एका जादा फटक्याने गेला. सायकलच्या दांडीवर बसून मी रडत होते. "काहून सांगितलं तुम्ही? कोनीच तं पाहत नव्हतं!" तुम्ही भर रस्त्यात सायकल थांबवलीत. "मी पाह्यलं ना वं. मी कोनी नाही काय?" मला तुमचा भयंकर राग आला होता. एका वाळक्या पानापायी कोणी कप सोडतं का!

परवाच्या अंतिम फेरीत सोळाव्या होलला मी दोन फटक्यांनी पुढे होते. चेंडू उंच गवतात. मागचं गवत काठीने जरासं दबलं आणि चेंडू अर्धा वळसा घेऊन थांबला. प्रतिस्पर्धी पलीकडे तिचा चेंडू शोधत होती. मी हात वर केला, दंड सांगितला. आघाडी एकवर आली, सतराव्यावर तीही गेली. अठराव्या, शेवटच्या होलवर तिचं झालं होतं आणि मला लांबून एकाच फटक्यात चेंडू आत घालायचा होता. चुकला असता तर बरोबरी. ट्रकने फरशी हादरत असताना आडव्या पेल्यात चेंडू घालायला लावायचात ना, तसाच मारला. गेला, बाबा! मी अशी किंचाळले की झाडावरचे बगळे उडाले. तुमच्याबरोबर काम केलेले म्हातारे माळीकाका पाण्याचा पाइप टाकून ओरडत होते, "आपली पोरगी जिंकली गा!"

बक्षीस देताना अध्यक्ष म्हणाले, क्षणाचाही विलंब न लावता हिने स्वतःची चूक सांगितली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं विनय. हा कागद त्या आखूड काठीसोबत बॅगेतच राहील, म्हणून इथे लिहिते. विलंब झाला होता. हात वर करण्याआधी मी चारी बाजूंना नीट पाहून घेतलं होतं. कोणीच पाहत नव्हतं, बाबा. मी तिथे आहे, हे मला जरा उशिरा आठवलं.