सर्जन रूममधली खाट

२ मार्च

खाट गायब! सकाळी राउंडला जाताना सर्जन रूममध्ये होती, ऑपरेशन आटपून आले तर जागा रिकामी. घडीची खाट – मी स्वतः आणलेली, स्वतः जिन्यावरून चढवलेली. वॉर्डातले मामा दुसरीकडे बघत म्हणाले, "सरांनी सांगितलं, अडगळीत टाका."

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. आणि माझे सासरे. घरी बाबा, इथं सर. एकाच माणसाचे दोन अवतार, आणि दोघंही माझ्या झोपेच्या मुळावर उठलेले!

त्यांचं म्हणणं – सर्जन रूम ही थांबायची जागा आहे, लोळायची नाही. खुर्च्यासुद्धा दोनच ठेवल्यात, त्याही मोडक्या. सगळे उभ्यानं खातात, उभ्यानं चहा ढोसतात आणि कोण किती रात्री जागलं याच्या बढाया मारतात. मी दुपारी जरा डोळे मिटते, डबा बसून खाते, तहान लागली की पाणी पिते. झालं! नाव पडलं – झोपाळूबाई.

पडू दे. उद्या चटई नेते.

३ मार्च

नेली.

४ मार्च

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, चटईवरून झापणार. पण आवाज चक्क मऊ.

"जूनमध्ये मी निवृत्त होतोय. माझ्या युनिटचं प्रमुखपद कुणाला द्यायचं, मलाच विचारणार आहेत. तुझा हात चांगला आहे. चटई सोड, युनिट तुझं."

"आणि नाही सोडली तर?"

"मग झोप निवांत."

मला ते युनिट हवंय. इथं खोटं कशाला लिहू? सूनबाईला आयतं मिळालं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायला हवंय, आणि त्याहून जास्त, तिथं मला माझ्या पद्धतीनं काम करायचंय म्हणून हवंय. बसायला खुर्च्या, आडवं व्हायला खाट, रात्र जागलेल्याला सकाळी घरी धाडायची सोय. आणि ते मिळवायला चटई सोडू? मग मिळून उपयोग काय!

नाही सोडणार.

६ मार्च

काल रात्रपाळीत एकामागून एक पेशंट. सकाळी हर्नियाचं ठरलेलं ऑपरेशन होतं – घाईचं नाही, आठवड्यानं केलं तरी चाललं असतं. हात धुवायला उभी राहिले, नळ सोडला आणि नुसती पाण्याकडे बघत बसले. पुढं काय करायचं तेच सुचेना! हात धुवायचे असतात बाई, हे स्वतःला सांगावं लागलं.

तिथंच ठरवलं. पेशंटला जाऊन म्हटलं, "मी रात्रभर जागी आहे. आज तुमच्यावर सुरी चालवणार नाही." त्याची बायको भडकली. "अहो, सकाळपासून उपाशी ठेवलंय की माणसाला!" तिचं बरोबरच होतं. मी माफी मागितली. ऑपरेशन मात्र केलं नाही.

सरांनी सगळ्यांसमोर झाडलं. "आम्ही तुमच्या वयाचे होतो तेव्हा..." पुढचं मला पाठ आहे. "थकवा म्हणजे मनाचे खेळ. झोप एवढी प्यारी असेल तर दुकान टाकावं!"

म्हटलं, "सर, रात्रभर गाडी हाकलेल्या ड्रायव्हरच्या शेजारी तुम्ही बसाल?"

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल. म्हणाले, "हिचं ऑपरेशन त्याला द्या." तो म्हणजे त्यांचा पट्टशिष्य. अहो, पण तोही रात्रभर माझ्यासोबतच जागा होता!

७ मार्च

ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरनी सांगितलं – ऑपरेशन छान झालं. फक्त शेवटचा टाका बांधताना पट्टशिष्यानं स्वतःच्याच ग्लोव्हचं टोक गाठीत बांधून घेतलं. हात उचलायला गेला, तर हात उठेना! सिस्टरनी कात्रीनं सोडवला, नवा ग्लोव्ह चढवला, टाका पुन्हा घातला. ओटीत हसून हसून पुरेवाट. सर पण हसले म्हणे – "होतं असं कधीकधी."

मीही हसले. मग जिन्यात एकदम संताप आला. पोरगा वाईट नाही हो. हुशार आहे, पेशंटशी गोड बोलतो. पण डोळे बघा त्याचे! आणि हे सगळे टाळ्या देतायत.

११ मार्च

आज सुट्टी. सासूबाई खिडकीत बसून बाबांच्या शालीचे दोरे सोडवत होत्या. त्यांचं हे रोजचंच काम. बाबा झोपेत शालीच्या काठाला गाठी मारतात – साध्यासुध्या नाहीत, सर्जनच्या, पक्क्या! नखानं सुटत नाहीत, सुई लागते.

"लग्न झाल्यापासून सोडवतेय," सासूबाई म्हणाल्या. "झोपतो कुठं गं हा माणूस! डोळे मिटून ड्युटी करतो."

मी पण एक टोक घेतलं नि सोडवायला बसले. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दोघींना उद्योग नाही वाटतं?" सासूबाईंनी सुई त्यांच्याकडे रोखली. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

नवरा नंतर हळूच म्हणाला, "बाबांशी भांडू नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त जेवताना नको." गणिताचा मास्तर आहे, सगळ्याला कंस घालतो.

१८ मार्च

आज काय झालं! सर राउंडला निघाले, पेशंटचं पोट तपासायला वाकले आणि तसेच राहिले. चेहरा पांढराफटक. आडवं केलं, शर्ट वर केला, तर कंबरेला पट्टा. पट्ट्याखाली हर्निया!

आयुष्यभर दुसऱ्यांचे हर्निया शिवले आणि स्वतःचा पट्ट्यानं आवळून फिरत होते! पेशंटनं असं केलं असतं तर बोलून बोलून त्याचं डोकं खाल्लं असतं. सासूबाईंना थाप मारली होती – पाठ दुखते म्हणून पट्टा लावतो. घरी कळल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले नि डबा भरायला गेल्या. मला तेव्हा सरांचा इतका राग आला की काय सांगू. आणि भीतीही वाटली.

हर्नियाची गाठ दाबल्यावर आत सरकली, म्हणून घाई नाही. परवा ऑपरेशन. पट्टशिष्य करणार, असं सरांनीच जाहीर केलं. सुनेनं सासऱ्यावर सुरी चालवू नये, ते मला मान्य आहे. पण कारण ते दिलं नाही त्यांनी! मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला जागा असलेला माणूस हवा."

सगळा विभाग समजला, युनिट कुणाला ते. मी पण समजले.

१९ मार्च

चटईवर बसून डबा खाल्ला. दार उघडं ठेवून. बघायचं त्यांनी बघा!

२० मार्च

नीट लिहिते.

ओटीत मी कोपऱ्यात उभी, घरचं माणूस म्हणून. सर टेबलावर. भूलतज्ज्ञ बाई मास्क लावणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला.

पट्टशिष्याला म्हणाले, "काल झोपलास का रे?"

तो खूश! "छे सर! रात्रभर इमर्जन्सी. पण काळजीच नको, तुमच्याच हाताखाली शिकलोय."

सर त्याच्या ग्लोव्हकडे बघत राहिले. एकेका बोटाकडे. सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या.

मग ते उठून बसले. मागून उघडा गाऊन एका हातानं सावरत म्हणाले, "मला नाही करायचं याच्याकडून. हिला हात धुवायला सांगा."

"सर, पण मॅडम तर तुमच्या सूनबाई..." सिस्टर चाचरल्या.

"घरी. इथं ती एकटीच झोपलेली आहे."

देवा! जिंकले की मी! सगळ्यांच्या देखत, त्यांच्याच तोंडून. पट्टशिष्याचा चेहरा एवढासा झाला. भूलतज्ज्ञ बाईंनी मला डोळा मारला. मी नळापाशी गेले, नळ सोडला.

आणि पाण्याकडे बघत बसले.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता माझ्या. कसा लागणार? 'जागा असलेला माणूस' – ते कानात, आणि उद्या बाबांचं पोट उघडणार, ही धास्ती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. ऑपरेशनही बहुतेक नीट झालं असतं. युनिट तर खिशातच होतं.

नळ बंद केला.

"नाही सर. मीही झोपले नाही. उद्या सकाळी."

सर ओरडले, "अगं, सकाळपासून उपाशी आहे मी!"

"माफी मागते," म्हटलं. "पण नाही."

गाऊन सावरत टेबलावरून उतरले. मग मामांना म्हणाले, "मला वॉर्डात न्या. आणि अडगळीतली ती खाट कुठाय?"

२१ मार्च

सासूबाईंचा वॉर्डातून फोन. मला वाटलं, काय झालं आता! तर रडत होत्या, हसतही होत्या. "अगं, शालीला एकही गाठ नाही!"

मी पण झोपले. निघते.