फ्यूज उडण्याचं खरं कारण

३ जून, मंगळवार
गाडीचा फ्यूज पुन्हा उडाला. पंधरवड्यात तिसऱ्यांदा. वळणावर ब्रेक मारला आणि इंडिकेटर गेले, मागचे दिवेही गेले. हे म्हणाले, कुठेतरी वायर शॉर्ट होतेय, गॅरेजवाल्याला शोधू दे. मी म्हटलं, तो सापडलं तरी पैसे घेणार, नाही सापडलं तरी घेणार. मॅट्रिकला गणितात मला ब्याऐंशी होते. घरखर्चातली चूक मी एका बैठकीत काढते. शॉर्ट म्हणजे तरी काय, वायरींच्या हिशेबातली चूकच.
संकल्प : शॉर्ट मी शोधणार. वीस तारखेच्या आत. त्या दिवशी आमच्या धाकट्या लेकीची ड्रायव्हिंगची परीक्षा आहे, याच गाडीवर. तिसरी खेप. एक जुलैपर्यंत लायसन्स दाखवलं नाही, तर तिची ठरलेली फिरतीची नोकरी गेली.

५ जून, गुरुवार
पद्धत ठरवली. दोन रकाने : उडाला, नाही उडाला. पुढे, गाडीत कोण होतं. तीनपैकी दोनदा वन्सं होत्या. यांची बहीण म्हणून बोलत नाही, पण दार फार धाडकन लावतात. वायरींनाही जीव असतो.
मी स्वतःचं नाव रकान्यात धरलेलं नाही. हिशेब लिहिणारा हिशेबात येत नाही.

८ जून, रविवार
वन्सं नसताना उडाला. मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली. प्रत्यक्ष मागायचं कारण नाही, संशय त्यांना ठाऊकच नव्हता.
बरं झालं सोबत देवाचा डबा होता. पोथी, जपमाळ, पितळेची छोटी मूर्ती. मी गाडीत बसले की माझ्यासमोरच्या कप्प्यात पार आत सारून ठेवते, उतरताना घरी आणते. देवाला गाडीत एकटं ठेवू नये. डबा बिस्किटांचा आहे, पत्र्याचा. नवा घेणं म्हणजे उधळपट्टी. कड जरा धारदार आहे, पण फुकटच्या वस्तूचे दात मोजू नयेत. उडालेले फ्यूजही त्यातच ठेवते. कधी काळी उपयोगी पडतील.
फ्यूज उडूनही सुखरूप घरी आलो. डबा नसता तर?

९ जून, सोमवार
आज हे एकटेच गाडी घेऊन दिवसभर फिरले. फ्यूज ठणठणीत. मी घरी डबा मांडीवर घेऊन जप करत होते. परिणाम समोर आहे. यांना सांगितलं. हे म्हणाले, हं.

१२ जून, गुरुवार
यांच्या हट्टापायी गॅरेज. जाताना डबा कप्प्यात न ठेवता पिशवीतच ठेवला, तिथे सगळ्यांचे हात तेलकट. गॅरेजवाल्याने दोन चकरा मारल्या, दहा वेळा ब्रेक दाबला. काही नाही. मग म्हणाला, काकू, दात दुखायचा थांबल्यावर डॉक्टरकडे आणलात. समोरच्या कप्प्यात काही ठेवता का?
मी म्हटलं, काही नाही. देवाची वस्तू म्हणजे ‘काही’ नव्हे.
घरी येताना उडाला. डबा गॅरेजच्या पुढच्या वळणावर पिशवीतून काढून कप्प्यात ठेवला होता, म्हणून निभावलं. त्या माणसाला कामातलं कळत नाही.

१५ जून, रविवार
धाकटीची प्रॅक्टिस. मी शेजारी, हे मागे. दोनदा उडाला. धाकटी म्हणाली, आई, तू नसलीस की गाडी नीट चालते. मी म्हटलं, तू नसलीस की माझं बीपीही नीट चालतं. हे खिडकीबाहेर बघत होते, पण खांदे हलत होते.
फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळून बसवावी असं सुचवलं. हे ओरडले, फ्यूज वाचेल, गाडी जळेल! काटकसर यांना कधी कळलीच नाही.

१८ जून, बुधवार
शॉर्ट सापडल्यातच जमा आहे. फक्त जागा कळायची राहिलीय.
धाकटी म्हणाली, परीक्षेला कोणी यायचं नाही. मी ‘बरं’ म्हटलं. मी जाणार नाहीच. पण डब्याबद्दल ती काही बोललेली नाही.

२० जून, शुक्रवार, सकाळी
ती केस विंचरत होती तेवढ्यात खाली जाऊन डबा कप्प्यात ठेवला. अगदी आत, फडक्यामागे. आज तिला कोणी नापास करून दाखवावं.

त्याच दिवशी, दुपारी
परीक्षा रद्द. नापास नाही, रद्द.
पहिल्याच वळणावर इंडिकेटर गेले. मग वास आला. परीक्षक साहेबांनी कप्प्यात हात घातला आणि चटका बसला म्हणून झटकला. फडक्याने धरून डबा बाहेर काढला. विचारलं, हे काय आहे? धाकटी म्हणाली, ही आमची आई आहे.
गाडी दुरुस्त करून सत्तावीसला या म्हणाले.
गॅरेजवाल्याने कप्प्यामागची वायर दाखवली. डब्याच्या कडेने घासून घासून आतली तार उघडी पडलेली. ब्रेक मारला की डबा पुढे सरकायचा, एकीकडे तारेला टेकायचा, दुसरीकडे गाडीच्या लोखंडाला. कडेवर काळा डाग. त्याने डबा उघडला, उडालेले फ्यूज तळहातावर ओतले. हे म्हणाले, मुद्देमाल छान जपलास.

२१ जून, शनिवार
तसं पाहिलं तर दोष कप्प्याचा आहे. मागे पत्रा नको का?
वन्संचा फोन. म्हणाल्या, सापडलं ना एकदाचं? मला वाटत होतं माझ्यामुळेच उडतोय, म्हणून मी गाडीत यायचंच सोडलं होतं. मी म्हटलं, छे छे, वन्सं, तुमच्यावर कोण संशय घेईल?
फोन ठेवल्यावर बराच वेळ भांडी घासत बसले. स्वच्छच होती.

२७ जून, शुक्रवार
धाकटी एकटी गेली. मी घरी. जपमाळ हातात घेतली, परत ठेवली. न जाणो.
पास झाली.
तिला जवळ घेतलं तर म्हणाली, रडतेस कशाला, चल चक्कर मारू, डबा घे. मी म्हटलं, नको गं बाई. तिने आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा पुढे केला, धुऊन पुसून. मी विचारलं, नवा नाही आणलास? म्हणाली, उगाच खर्च कशाला.
मूर्ती त्यात नीट बसली. मी मागे बसले, डबा मांडीवर. प्रत्येक वळणावर इंडिकेटर टिकटिकत होता.
घरी येऊन रकाना भरला. नाही उडाला. गाडीत कोण होतं : हे, धाकटी, मी.
मग मागची पानं काढून, उडाल्याच्या प्रत्येक तारखेपुढेही ते शेवटचं नाव लिहिलं.