नेलं पोरीला, गप्प बसवलं मला

बिबवेवाडी, पुणे

चिरंजीव नागोराव यास द्वारकाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुला एक थोरली बहीण आहे आणि ती पुण्यात असते, हे आठवावं म्हणून पत्र. फोनवर तू "हो अक्का" म्हणतोस आणि रिसीव्हर ठेवला की विसरतोस; कागद निदान समोर पडून राहील. गुडघा कसा आहे? सूनबाई प्रियदर्शनी लिहून घेते आहे. (मी सांगते तसंच लिही गं, सुधारू नकोस.)

माझ्या आनंदला कॉम्प्युटर कंपनीने अमेरिकेला धाडलं, त्याच सुमारास त्याच्या अपेक्षाची शाळा बदलली, आणि सहा वर्षांच्या पोरीने परक्यांशी बोलणंच सोडलं. घरात पोपट, शाळेत दगड. लघवीला जायचंसुद्धा सांगत नाही, तशीच बसून राहते. वर्गाच्या बाई म्हणाल्या, असंच चाललं तर वर्ष फुकट जाईल. म्हणून टिळक रस्त्यावर मुलांची थेरपी करणाऱ्या अस्मिताबाईंकडे गेलो. ही कसली डॉक्टर, ते मला अजून कळलेलं नाही. ना जीभ बघितली, ना औषध दिलं. सतरंजीवर बसून भातुकली मांडली. (आपण अंगणात तेच करत होतो, तेव्हा कोणी थेरपी म्हणालं नाही.) पोर माझ्या पदरात तोंड खुपसून. बाईंनी तिला नाव विचारलं, मी सांगितलं. मैत्रीण कोण, मी सांगितलं. बाहुलीला भूक लागली का, तेही मीच सांगितलं. म्हटलं, सकाळपासून बसली आहे, लागली असेल. तेव्हा बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही इतकं छान बोलता, की तिला बोलायची गरजच पडत नाही. पुढच्या वेळी तुम्ही गप्प बसायचं." आता सांग, दुखणं कोणाचं आणि उपचार कोणावर? प्रियदर्शनी खिडकीबाहेर बघत होती. (हसत होतीस, तेही लिही.)

पुढच्या खेपेला ओठ दाबून बसले. बाहुलीला चहा हवा की दूध, बाईंनी विचारलं. पंखा तेवढा बोलत होता. पोर माझ्या तोंडाकडे बघे, मी छताकडे. जीभ नुसती वळवळत होती रे. शेवटी माझा पदर ओढून पोरीने सगळ्यांदेखत विचारलं, "आजी, तुझा दात दुखतोय का?" (दात कुठले, कवळी आहे.) मी तरीही गप्प. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, "तिला लवंग द्या." परक्या माणसाशी बोलली, नागोराव.

शाळेत अजून बोलत नाही. वेळ लागेल म्हणतात.

तुझी अक्का

ता. क. खरं काम हे, की मला महिनाभर तुझ्याकडे वर्ध्याला ने. कोणी आलं की पोरीच्या आधी माझंच तोंड उघडतं. तिच्यावाचून मला करमणार नाही, म्हणून मन बदलायच्या आत ये.

ता. क. दुसरा. येऊ नकोस. अस्मिताबाई म्हणतात, आजीने पळून जायचं नाही, गप्प बसायला शिकायचं. या वयात! तुझ्याकडून मुगवड्या मागवणार होते. पण आत्ता शेजारच्या वासंतीबाई बसल्या असताना अपेक्षाला विचारलं, वर्ध्याच्या आजोबांकडून काय मागवू, आणि तोंड मिटून घेतलं. वासंतीबाईंचा चहा निवला, तेव्हा कुठे ती म्हणाली, बोरकूट. तर डबाभर बोरकूट पाठव, आणि आंबटच पाठव. गोड निघालं तर ती तुला स्वतः सांगेल.