मरणावर मिटलेलं पुस्तक

प्रिय आक्का,

उद्या आकिती, अक्षय्य तृतीयेचा सण. सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला निघालोय. पुस्तकांचं गाठोडं बांधून दुकानात गादीशेजारी ठेवलंय, आणि दिवाणजी मघापासून त्याला वळसा घालून ये-जा करतायत. सगळं दरवर्षीसारखंच आहे, फक्त वाचणारी नाही. तरी लिहितोय, कारण तुला एक विचारायचं आहे आणि ते समोर बसून विचारायची सोय तू ठेवली नाहीस.

आधी पुस्तकांचं सांगतो. मी चपला काढायच्या आत तू गाठोड्याच्या गाठीला हात घालायचीस, तेव्हा तुला धीर निघणार नाही.

यंदाही निवड कानानंच केली. हळकुंड मोडताना आवाज ऐकायचा आणि ते आतून वाळलंय की नाही सांगायचं, यावर माझं सगळं उभं राहिलं. पाठीवर पोती वाहणारा तुझा ग्यानू त्या कानाच्या जोरावर अडत्या झाला. पुस्तकालाही मी तोच नियम लावतो. दुपारी वाचनालयाच्या बाकावर जाऊन बसतो आणि पुस्तक परत करायला आलेला माणूस काय बोलतो ते ऐकतो. ‘फारच सुंदर’ म्हणून जो टेबलावर पुस्तक आपटतो, त्यानं ते निम्मंच वाचलेलं असतं. जो काही बोलत नाही, देतो, आणि जाता जाता ‘जरा बघू’ म्हणून पुन्हा हातात मागून घेतो, त्याचं पुस्तक मी आणतो.

पहिली कादंबरी विट्याकडच्या एका बाईची आहे. नवरा लांब बंगालात, सोनं गाळायच्या दुकानात. ही इकडे सासऱ्याची शेरडं राखते. वर्षाकाठी तो येतो, पारावर बसून सोन्याच्या गोष्टी सांगतो, आणि हिच्या गळ्यात नुसती काळी पोत. लिहिणारा नवखा आहे, मधेच डोंगराचं वर्णन करत बसतो, तेवढं ओलांडायचं. पण नवरा परत निघतो तेव्हा ती एक शब्द बोलत नाही. त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावते, आणि दोरा दातानं तोडायला म्हणून त्याच्या छातीशी वाकते. ते पान तू मोठ्यानं वाचलं असतंस, तर सोप्यावर ऐकत बसलेल्या बायकांची चिंच फोडायची थांबली असती. बायकांची ठकठक थांबली की पुस्तक चांगलं, ही आपली परीक्षा. तिच्यापुढं मला कुठल्याही मासिकातलं परीक्षण फिकं वाटतं.

दुसरं चरित्र आहे. एका मास्तरांचं, त्यांच्या बायकोनं लिहिलेलं. मास्तरांनी माळरानावर शाळा काढल्या, दुष्काळातही बंद पडू दिल्या नाहीत. बाई कुठंही तक्रार करत नाही. आज घरी कोण कोण जेवायला होतं तेवढं लिहिते, आणि सगळे उठल्यावर भांड्यात काय उरलं होतं ते. वाचून दोन दिवस मला घरात मान वर करता येईना. तुझी भावजय म्हणाली, “काय झालं? भाव पडला का?”

म्हटलं, “नाही गं, चरित्र वाचतोय.”

“कुणाचं?”

“माझंच असावं.”

ती हसली नाही, आक्का. नुसती ‘हं’ म्हणाली आणि आत गेली. ते ‘हं’ माझ्या कानातून अजून जात नाही. उन्हाळ्यात एकच पुस्तक वाचायचं असेल त्यानं हे वाचावं, आणि बायकोला दिसेल असं वाचावं.

शहरातली एक कादंबरी आहे, तिचं फार नाव झालंय. निम्म्या पुस्तकापर्यंत माणूस खिडकीत उभा आहे. तू म्हणाली असतीस, “त्याला म्हनावं खाली उतर आन् भाजी घेऊन ये.” तरी घेतलीय, कारण त्याचं एकटेपण खोटं नाही. एका पुढाऱ्याचं जाडजूड चरित्र मात्र तिथंच ठेवून आलो. त्यात बाळ जन्मल्यावर रडलं नाही म्हणे, विचारात पडलं.

पुस्तकं अशी चांगली आहेत. ती कुणापुढं ठेवू?

तुझा सोपा शिमग्यापासून रिकामा आहे. बायका चिंच आपापल्या दारात फोडतात. का, ते तुला ठाऊक नसेल. आणि ठाऊक असेल तर मग मी तुझ्यावर रागावलोय.

तुझा तो नियम. पोथी मरणावर मिटायची नाही, मिटली तर ते मरण घरात शिरतं, हे तुझ्या सासूनं तुला शिकवलं. कुणी मेलं की तिथं थांबायचं नाही, पुढं वाचत जायचं, कुणी जेवेपर्यंत, घरात दिवा लागेपर्यंत, काहीतरी बरं घडेपर्यंत. तू तोच नियम कादंबऱ्यांना लावलास. चरित्राला तर शेवटी मरणच असतं, म्हणून शेवटचं पान संपलं की पुन्हा पहिलं उलटायचीस, बाळाचा जन्म वाचायचीस आणि मग मिटायचीस. शेजारची हौसाबाई एकदा म्हणाली होती, “आता परत पयल्यापास्नं ऐकायचं काय गं? माझी म्हैस तवर आटंल.” सगळा सोपा हसला. पण नियम कुणी मोडला नाही. गावातल्या बायकांना तो आता पोथीइतकाच खरा वाटतो.

गेल्या उन्हाळ्यातलं ते पैलवानाचं चरित्र. मीच आणलेलं. तुझा आवाज मला पहिल्या दिवशीच खटकला होता, दमट हळकुंड मोडल्यासारखा लागत होता, त्यात खणखण नव्हती. मी म्हटलं, “आक्का, मिरजेला घसा दाखवू.” तू म्हणालीस, “तुझी पुस्तकं बारीक कर, मग घसा बरा ऱ्हाईल.” आणि मला हसवून गप्प केलंस. तू लोकांना नेहमी असंच गप्प करायचीस.

त्या दुपारी पैलवान मैदानात लंगोट कसतोय आणि घरी त्याची आई गेली, इथवर तू आलीस. आवाज फाटला. तू पाणी प्यायलीस, पुन्हा वाचायला गेलीस, ओठ हलले. तुझ्या सुनेनं, सुमननं, तुझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि मिटलं. ठकठक थांबली होती, पण ती पुस्तकासाठी नव्हे.

पुढं मिरजेचा दवाखाना. पौषात तू गेलीस. तुझ्या तेराव्याला मी परसात हात धूत होतो आणि कुडापलीकडं बायका भांडी घासत होत्या.

“पोर गुनाची हाय,” हौसाबाई म्हणाली. “पन मरनावर मिटलं तिनंच.”

“तिला ठावं नसंल.”

“ठावं न्हाई व्हय? लगीन झाल्यापास्नं सोप्यावर बसलीया.”

तोंडावर कुणी काही बोलत नाही. नुसतं येणं बंद झालं. तुझी सून पाण्याला गेली की नळावरचं बोलणं थांबतं, एवढंच. तुझ्या लेकाचं सीमेवरून पत्र आलंय, घराला कुलूप लाव आणि लोणंदला भावाकडं जाऊन राहा म्हणून. आकिती झाली की ती निघणार. त्याला यातलं काही माहीत नाही. बायको एकटी पडली, एवढंच त्याला कळलंय.

शिमग्याला मी गेलो तेव्हा तिनं चहा ठेवला. मी सहज म्हटलं, “औंदा काय आणू वाचायला?”

“मामा, औंदा पुस्तकं आणू नगासा.”

“हौसाबाईचं मनावर घेतेस काय? म्हातारी आहे. तिला म्हशीबरोबर बोलायची सवय.”

ती चहा गाळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “मी मिटलं न्हाई, मामा. म्हंजी मिटलं मीच. पन आत्यांनी सांगितलं म्हनून.”

“कधी?”

“तवाच. पानी पिल्या आन् माझ्याकडं वाकून म्हनल्या, ‘मीट गं. मला न्हाई आता फुडं जायाचं.’”

आक्का, मी तुझ्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. ज्या कानावर मी दुकान उभं केलं, लोकांना सांगत फिरलो की कुजबुज काय, कुणाचा न बोललेला भावही मला ऐकू येतो, त्या कानाला तुझं ते एवढं वाक्य कसं लागलं नाही? ओठ हलताना मी पाहिले. मला वाटलं तू पैलवानाची पुढची ओळ वाचतेयस.

घसा आता बरा व्हायचा नाही, हे तुला कळलं होतं ना? दवाखान्याच्या आधीच कळलं होतं. आणि ते सांगायला तुला भाऊ आठवला नाही, सून आठवली. त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे थोडा. पण तू जाताना तिच्या हातात काय देऊन गेलीस, याचा विचार केलास का? नियम तुझा, मोडलास तू, आणि नाव तिचं झालं.

मी म्हटलं, “अगं मग सांगितलं का नाहीस बायकांना? इतके महिने सोसत बसलीस?”

तर म्हणते कशी, “आत्यांचं नाव हाय गावात. त्यांच्या शब्दावर बाया बसायच्या. त्यांनीच मोडलं म्हनून कसं सांगू? आन् त्या भ्याल्या हुत्या, ह्ये कसं सांगू? त्या कुनाफुडं भ्याल्या न्हाईत कवा.” मग माझ्याकडं वळून, “तुमीबी सांगू नगासा. माझी आन हाय.”

चहा तिनं दिला. साखर घालायची विसरली होती. मी तसाच प्यालो.

तेव्हापासून हे मला सोडवता येईना. अडतीत मी दोन्ही बाजूंचं ऐकतो, शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं, आणि दोघांनाही थोडं थोडं दुखवून सौदा मिटवतो. इथं एक बाजू बोलत नाही आणि दुसरी बोलू देत नाही. तुझं नाव राखायचं तर पोर जाते. पोर राखायची तर हौसाबाई संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगेल की आक्का शेवटी भ्याली. तू काय म्हणशील? सुमनची आण मोडू का? तू असतीस तर मला सरळ ‘मोड’ म्हणाली असतीस, की पुन्हा हसवून गप्प केलं असतंस? कितीदा कान लावला, तुझा आवाज येत नाही. पूर्वी येत असे.

म्हणून माझं मीच ठरवलंय, आणि तुला आधी कळावं म्हणून हे लिहितोय.

उद्या उतरलो की घरी जायच्या आधी हौसाबाईच्या दारात जाईन. तिला सांगितलं की गावाला वेगळं सांगावं लागत नाही. मी तिला खरं तेच सांगणार, मीट म्हणून तू सांगितलंस आणि सुमननं तुझा शब्द पाळला. तू भ्यालीस हेही सांगणार. तुझं नाव जरा उतरेल. उतरू दे. मेलेल्या माणसाला ते सोसतं, त्या पोरीला सोसेना झालंय. सुमन माझ्याशी बोलायची बंद होईल, तेही मी धरून चाललोय.

त्यानंतर बायका सोप्यावर येतील की नाही, मला माहीत नाही. आल्या आणि सुमननं पुस्तकाला हात लावला नाही, तर मी मोठ्यानं वाचीन, अडखळत का होईना. हौसाबाई माझी टर उडवील. उडवू दे.

पण आक्का, एवढा शब्द देतो. आकितीनंतर सुमन लोणंदला गेलीच, तर स्टेशनवर तिला पोचवायला गल्लीतल्या बायका असतील. तिच्या ट्रंकेत तिची लुगडी असतील. तुझं मरण नसेल.

तुझा,
ग्यानू
सांगली